जुन्या डायनाला कोणता छर्रा मानवतो

आमच्या घरातली छऱ्याची बंदूक डायना ३५ आहे आणि ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. जर्मनीतल्या रास्टाट गावी मायर उंड ग्रामेलश्पाखर नावाचा कारखाना १८९० साली निघाला, तिथली ही. सिलिंडरच्या मागच्या टोकाला, डाव्या अंगाला महिना आणि वर्षाचे बारीक आकडे ठोकलेले आहेत, ते १९६४ चे. थोरल्या काकांनी ती जपून वापरली, दरवर्षी तेलपाणी केलं, आणि त्यांच्या मागं ती माझ्याकडं आली. दस्त्याचं लाकूड अजून सरळ आहे, नळीत गंज नाही. तेव्हा मी ठरवलं की ही शोभेला भिंतीवर टांगायची नाही. परसात दहा आणि वीस मीटरवर कागदावर नेम धरायचा आणि हिच्या अंगात जेवढी अचूकता आहे तेवढी बाहेर काढायची.

अचूकतेचा प्रश्न निघाला की सगळे एकच सांगतात, चांगला छर्रा वापरा. पण चांगला म्हणजे कोणता? आमच्या कोल्हापुरात नेमबाजांची वानवा नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधून ऑलिंपिक पदक आणलं. त्यामुळं छऱ्यांबद्दल सल्ला देणारी माणसं इथं गल्लोगल्ली भेटतात आणि ती जाणकारही असतात. एकानं आरडब्ल्यूएस आर-१० सांगितला, दुसऱ्यानं एच अँड एनचा फिनाले मॅच, तिसऱ्यानं चेक बनावटीचा जेएसबी. तिघांचंही आपापल्या रायफलीपुरतं खरं होतं. पण त्यांच्या रायफली आजच्या, दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या, माझी स्प्रिंगची. या दोन जातींत छऱ्याचं काम वेगळं आहे, ते आधी समजून घ्यावं लागतं.

हवेच्या सिलिंडरच्या रायफलीत चाप ओढला की झडप उघडते आणि ठरलेली हवा छऱ्यामागं येते. छर्रा थोडा हलका असो वा जड, रायफल जवळजवळ हलत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र चाप ओढल्यावर आधी स्प्रिंग सुटते, जड दट्ट्या पुढं धावतो, त्या धक्क्यानं बंदूक मागं सरकते. दट्ट्या टोकाला पोचायच्या बेताला समोरची हवा इतकी दाबली जाते की तो तिच्यावर आपटून थबकतो, आणि बंदूक उलट पुढं झेपावते. छर्रा नळीतून बाहेर पडतो तो या सगळ्या हालचालीत. म्हणजे छर्रा किती घट्ट बसलाय, किती जड आहे, जागचा कधी हलतो, यावर दट्ट्याची चाल ठरते, आणि दट्ट्याच्या चालीवर त्या क्षणी नळीचं तोंड कुठं असेल ते ठरतं. हा धक्का मारून टाकण्यासाठीच रास्टाटच्या याच कारखान्यानं पुढं स्पर्धेच्या बंदुकांत एकमेकांविरुद्ध धावणारे दोन दट्टे बसवले, आणि फाइनवेर्कबाऊ या दुसऱ्या जर्मन कंपनीनं सगळी यंत्रणाच दस्त्यावर सरकती ठेवली. डायना ३५ मध्ये यातलं काही नाही. तिचा धक्का आपल्या हातांनी आणि योग्य छऱ्यानंच सांभाळायचा असतो.

म्हणून डबे विकत आणण्याआधी मी बंदुकीकडं वळलो. बंदूक स्वतः एकसारखी वागत नसेल तर तिच्यात घातलेला कोणताही छर्रा काहीच सांगत नाही. छऱ्यांची तुलना करणारे निम्मे लोक ही पायरी गाळतात असं माझं मत आहे.

नळीत वर्षानुवर्षांचं शिसं बसलं होतं. या बंदुकीची नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून उघडते, त्यामुळं दुहेरी तंगूस नळीतून ओवून त्याच्या फासात कापडाची चिंधी अडकवायची आणि ओढून काढायची, एवढं पुरतं. लोखंडी गज घालू नये, पुढच्या तोंडाकडची आट्यांची (नळीच्या आतल्या पिळदार खाचांची) धार खराब होते. पहिल्या चिंध्या काळ्याकुट्ट आल्या, मग राखाडी, मग स्वच्छ. त्यानंतर दस्त्याचे स्क्रू पाहिले. पुढच्या लाकडाच्या दोन बाजूंचे दोन आणि चापाच्या कडीचे. धक्क्यानं हे हळूहळू ढिले होतात आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या भोकांचा झुबका, फुटायला लागतो, तेव्हा माणूस छऱ्याला दोष देत बसतो. नळीच्या बिजागरीचा बोल्टही तपासला. नळी मोडून ज्या कोनात सोडली त्याच कोनात ती थांबली पाहिजे, आपल्या वजनानं खाली पडता कामा नये.

दट्ट्याचं वॉशर या मॉडेलात चामड्याचं आहे. चामडं सुकलं की आक्रसतं आणि हवा बाजूनं निसटते. घोड्याच्या जिनाला लावतात ते नीट्सफूट तेल हवेच्या भोकातून मोजके थेंब सोडलं आणि बंदूक रात्रभर उभी ठेवली. यंत्राचं साधं तेल इथं घालू नये. दाबाच्या उष्णतेनं ते पेटतं, धूर निघतो, आवाज मोठा येतो, वेग वाट्टेल तसा वरखाली होतो आणि स्प्रिंगचंही नुकसान होतं. नीट्सफूटचाही जादाचा अंश सुरुवातीला थोडा धुरतो, तो जळून जाईपर्यंत नेमाचा हिशेब धरायचा नाही.

राहिली नळीच्या मागच्या, छर्रा बसतो त्या तोंडाची चकती. नळी मिटल्यावर सांध्यातून हवा जाते का हे बघायला सांध्यावर टिश्यूचा कपटा ठेवून बार काढला. कपटा उडाला. तिथलं मूळ चामडं दबून कागदासारखं झालं होतं. कोल्हापुरात चामड्यासाठी लांब जावं लागत नाही. ओळखीच्या चप्पल कारागिराकडं जुनी चकती घेऊन गेलो.

"मामा, अशी गोल चकती कापून पाहिजे. यापेक्षा दुपटीनं जाड."

त्यांनी ती बोटांत दाबून पाहिली. "कशात बसवायची ही?"

"छऱ्याच्या बंदुकीत. नळी मिटली की दबली पाहिजे आणि सोडली की परत फुगली पाहिजे."

"मग तळव्याचं कातडं नको, ते दबणारच न्हाई. पट्ट्याचं देतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेलं हाय, तेल पाजलं की मऊ राहतंय बघा."

त्यांनी पंचानं आतलं भोक पाडलं, रापीनं कडा साफ केल्या, आणि पैसे घ्यायला तयार होईनात. बळेच दिले. ती चकती तेलात बुडवून खाचेत बसवली, पुन्हा टिश्यू ठेवला, तो जागचा हलला नाही.

दुधाळीच्या रेंजवर येणाऱ्या एका मित्रानं वेग मोजायचं यंत्र आणून दिलं. दुरुस्तीआधी एकाच डबीतल्या छऱ्यांचा वेग पंधरा-सोळा मीटर प्रतिसेकंदाच्या फरकानं नाचत होता. दुरुस्तीनंतर तो फरक चारच्या आत आला. ०.४५ ग्रॅमचा छर्रा साधारण १९६ मीटर प्रतिसेकंद, ०.५३ चा १८३, आणि ०.६९ चा जेमतेम १५०. ताकदीच्या हिशेबात पहिले दोन पावणेनऊ ज्यूलच्या आसपास, आणि जड छर्रा पावणेआठच्या खाली-वर. यावरून एक गोष्ट तिथंच कळली. या बंदुकीत जड छर्रा घालून जोर वाढत नाही, उलट वाया जातो. जाता जाता कायद्याचंही सांगतो: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल ठेवायला परवाना लागत नाही. पाखरांवर नेम धरायचा हक्क मात्र त्यानं मिळत नाही. माझ्या परसात नेम फक्त कागदावर, आणि मागं वाळूच्या पोत्यांची दुहेरी भिंत.

आता धरण्याची पद्धत. वाळूच्या पिशवीवर बंदूक घट्ट टेकवून मारली तर स्थिर वाटते, पण स्प्रिंगच्या बंदुकीला ते चालत नाही. तिला मागंपुढं हलायची मोकळीक एकसारखी मिळाली पाहिजे. डावा हात पिशवीवर, तळवा उघडा, बंदूक तळव्यावर नुसती ठेवलेली, बोटं आवळायची नाहीत. चापाच्या कडीच्या थोडं पुढं, समतोल साधतो तिथं मी दस्त्यावर खडूची बारीक रेघ मारली, म्हणजे दरवेळी हात तिथंच. खांद्याला हलका स्पर्श, गाल हलका. बार झाल्यावरही फोरसाइटवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून, नजर काढायची नाही. हे अंगवळणी पडेपर्यंत कोणत्याही डबीचा ग्रुप वहीत लिहायचा नाही, असा नियम मी केला.

मग डबे. एका बंदुकीसाठी एवढे प्रकार गोळा करणं खर्चाचं आहे, म्हणून ओळखीच्या नेमबाजांकडून मूठमूठ मागून आणले आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या काडेपेटीत भरला. चपट्या डोक्याचे, गोल डोक्याचे, टोकदार, देशी, जर्मन, चेक. एअरगनचा छर्रा डमरूसारखा असतो: पुढं डोकं, मधे कंबर, मागं पोकळ घेर. डोकं नळीच्या आट्यांवर टेकतं आणि घेर हवेच्या दाबानं फुलून नळीला चिकटतो. डबीवर वजन ग्रेन या जुन्या मापात किंवा ग्रॅममध्ये छापलेलं असतं, आणि चांगल्या डबीवर डोक्याचा व्यासही असतो: ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ मिमी. या शेवटच्या आकड्याकडं बहुतेक जण बघतही नाहीत. माझ्या बंदुकीचा निकाल त्याच आकड्यानं लावला.

नळी मोडायची, एका हातानं ती घट्ट धरून ठेवायची (चाप चुकून सुटला तर नळी झटक्यात मिटते आणि बोट जातं), दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं छर्रा बसवायचा. अंगठ्याखाली काय जाणवतं ते मी प्रत्येक प्रकारापुढं लिहीत गेलो. आर-१० माझ्या नळीत जवळजवळ स्वतःहून घसरत जात होता. जेएसबी एक्झॅक्टचा ४.५० चा तसाच. फिनाले मॅच ४.५० थोडा अडत होता, पण ढिलाच. आरडब्ल्यूएसचा साधा, स्वस्त हॉबी मात्र घेरापाशी छान अडायचा आणि अंगठ्याच्या दाबानंच आत जायचा. जेएसबी एक्झॅक्ट ४.५२ चं डोकं हलकं घासत जायचं आणि घेर तोंडाशी बरोबर समतल बसायचा. देशी डबीतले दहातले दोन सैल, तर एखादा इतका घट्ट की पेनाच्या टोपणानं ढकलावा लागे.

नाव माहीत असलं की हात नकळत जास्त जपून धरतात, म्हणून भाचीला मदतीला घेतलं. काडेपेट्यांवर तिनं तिचे आकडे घातले, मला सांगितले नाहीत, आणि एकेक छर्रा माझ्या तळहातावर ठेवत गेली. "मामा, आता चार नंबर. आकार बघू नका, नुसता बसवा." प्रकार बदलला की आधीचे काही बार हिशेबाबाहेर टाकायचो, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो आणि नव्या छऱ्याला आपला थर बसवायला वेळ लागतो. ग्रुप दहा-दहा बारांचा. पाच बारांचा ग्रुप माणसाला फसवतो. नशिबानं पाच एकत्र पडतात आणि आपण त्या डबीच्या प्रेमात पडतो. दहात भोकं आपली खरी रुंदी दाखवतात. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि साडेचार मिमी वजा करायचे. कागद दहा मीटरच्या स्पर्धेचाच वापरला, त्याचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिमी.

दहा मीटरवर देशी छर्रे चोवीस मिमीच्या आसपास पसरले. त्यातले सात-आठ बरे जवळ असायचे आणि दोन कुठंतरी भरकटायचे. टोकदार एकोणीस. बाराकुडा जातीचा ०.६९ ग्रॅमचा जड छर्रा सतरा, आणि त्याची सगळी भोकं वरखाली ओळीत, आडवी जवळजवळ नाहीत. वेग थोडा बदलला तरी जड छर्रा उंची सोडतो आणि नळीतही तो जास्त वेळ राहतो, म्हणून हे असंच व्हायचं होतं. फिनाले मॅच बारा. आर-१० साडेअकरा. हॉबी दहा. जेएसबी ४.५० तेरा. आणि जेएसबी ४.५२ सात मिमी.

शेवटच्या दोन आकड्यांवर मी बराच वेळ थांबलो. तोच कारखाना, तोच साचा, तेच ०.५४७ ग्रॅम वजन, फरक डोक्यात मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाचा, आणि ग्रुप जवळजवळ निम्मा. भाचीला पुन्हा नव्यानं आकडे घालायला सांगितले, दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना दोन्ही परत मारले. फरक कायम राहिला. कारण नळीत दिसतं: इतक्या वर्षांच्या वापरानं आणि मुळातल्या घडणीनंही माझ्या नळीचं मागचं तोंड थोडं ऐसपैस आहे. सैल डोक्याचा छर्रा दाब पुरता तयार होण्याआधीच जागचा हलतो, थोडा तिरका आट्यांत शिरतो, आणि दट्ट्याला दरवेळी वेगळा अडसर मिळतो. हॉबी स्वस्त असूनही महागड्या स्पर्धेच्या छऱ्यांना मागं टाकतो तो याचसाठी. त्याचा घेर रुंद आणि पातळ आहे, डोकं सैल असलं तरी घेर नळीचं तोंड धरून ठेवतो. आर-१० हा उत्तम छर्रा आहे, हे मी पूर्ण आदरानं लिहितो. तो ज्या नेमक्या, घट्ट नळ्यांसाठी बनतो तशी माझी नळी नाही, एवढंच.

डबीवरचा व्यास कितपत खरा असतो, हेही तपासलं. मायक्रोमीटरनं मोजताना शिसं दबतं, त्यामुळं फार हलक्या हातानं घ्यावं लागतं. एकाच डबीत शंभराव्या हिश्शाचा मागंपुढं फरक सापडला. त्यामुळं आकडा दिशा दाखवतो, निवाडा अंगठाच करतो. नवा प्रकार हातात आला की मी आता पाच-सहा छर्रे नळीत नुसते बसवून बघतो. स्वतःहून घसरला तर तो पुढच्या चाचणीला घेत नाही. चेपून बसवावा लागला तरी नाही, कारण अंगठ्यानं चेपताना घेर वाकडा होतो.

वजनानुसार छर्रे वेगळे करावेत का? सोनाराकडं असतो तसा छोटा डिजिटल काटा आणून तेही केलं. जेएसबी आणि हॉबीत फरक शंभराव्या ग्रॅमच्या आसपास होता, निवडून मारले आणि न निवडता मारले तरी ग्रुपमध्ये दखल घेण्यासारखा बदल नाही. देशी छऱ्यांत मात्र निवड कामाची ठरली. त्याहून सोपी युक्ती काचेची: खिडकीची जुनी काच किंचित उतरती ठेवायची आणि छर्रे एकेक करून गडगडत सोडायचे. डोकं आणि घेर यांच्या व्यासांत फरक असल्यानं छर्रा सरळ न जाता वळत जातो, आणि सारख्या घडणीचे छर्रे खाली सारख्याच जागी पोचतात. जे भलतीकडं जातात, ते बाजूला काढायचे. असे निवडलेले देशी छर्रे चोवीसावरून सोळावर आले, ते भरकटणारे दोन नाहीसे झाले. सरावाला एवढं पुरतं.

वीस मीटरवर चित्र आणखी बदललं. चपट्या डोक्याचा छर्रा कागदात पंचनं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडतो, मोजायला सोपं, म्हणून दहा मीटरच्या स्पर्धेत तोच चालतो. पण ते चपटं डोकं हवेला फार अडवतं. वीस मीटरवर हॉबीचा ग्रुप बत्तीस मिमीच्या पुढं गेला, दुपटीहून कितीतरी जास्त, आणि परसातल्या साध्या झुळकीनंही तो डावीकडं सरकायचा. गोल डोक्याचा ४.५२ तिथंही अठरात राहिला. उघड्या साइटवर, साठीतल्या बंदुकीतून, वीस मीटरवर अठरा मिमी. काका असते तर त्यांनी तो कागद वहीत चिकटवला असता. मी चिकटवला आहे.

तेव्हा माझ्याकडं आता दोनच डबे आहेत. रोजच्या दहा मीटरच्या सरावाला हॉबी, वीस मीटरला आणि मनासारखा ग्रुप हवा असेल तेव्हा जेएसबी ४.५२. दोन्हींमध्ये अदलाबदल करताना बॅकसाइट थोडी वरखाली करावी लागते, तिचे खटके मी मोजून ठेवलेत. एकाच नावाच्या दोन डब्यांतही साच्यानुसार फरक पडतो. त्यामुळं जमलेली डबी संपायच्या आत डबीच्या चिकटपट्टीवरचा साच्याचा क्रमांक टिपून घ्यायचा आणि दुकानदाराकडं त्याच क्रमांकाच्या डब्या आहेत का ते आधी विचारायचं.

पावसाळ्यात कोल्हापूरची हवा चामडं फुगवते आणि छऱ्यांवर पांढुरका थर चढवते. त्याचा रवा नळीत जातो, म्हणून डब्या कोरड्या डब्यात, वरून कापड बांधून ठेवतो. शिसं हाताला लागतं ते अंगात जाऊ नये म्हणून सराव झाल्यावर भाचीचे हात साबणानं धुतले की नाही ते मी स्वतः पाहतो, त्याआधी चहा-बिस्किट नाही. वाळूची पोती वर्षातून एकदा चाळतो, निघालेलं शिसं बरणीत भरून ठेवतो.